फी भरल्यानंतरचा फोन

ऑनलाइन पदवीच्या एखाद्या जाहिरातीखाली आपला मोबाइल नंबर टाकून बघा. बिल्डरकडे फ्लॅटची चौकशी केली तरी इतके फोन येत नाहीत. पहिला पाच मिनिटांत. "सर, आपने एमबीए के लिए इन्क्वायरी डाली थी?" आपल्या तोंडून चुकून "हो, टाकली होती" असं निघालं की पलीकडचा आवाज एकदम सैलावतो, कारण तो मुळात परभणीचा असतो आणि नोएडात बसून दिवसभर हिंदी बोलून कंटाळलेला असतो. तुमच्या करिअरची त्याला तुमच्या सासऱ्यांपेक्षा जास्त काळजी. "सर, स्कॉलरशिप फक्त आज रात्री बारापर्यंत आहे." उद्या विचारलंत तर ती उद्या रात्री बारापर्यंत असते. तुम्ही मीटिंगमध्ये असाल तर तो नंतर करतो, जेवत असाल तर शांतपणे जेवून घ्या म्हणतो, पैसे नसतील तर कर्जही फोनवरच जुळवून देतो.

मग तुम्ही फी भरता. त्या क्षणी भारतीय दूरसंचाराच्या इतिहासातला एक चमत्कार घडतो. तुमचा फोन वाजायचा थांबतो.

लॉगिन येतं, पासवर्ड येतो, 'वेलकम टू द फॅमिली' असा एक मेल येतो, आणि ते कुटुंब पुढच्या हप्त्यापर्यंत गावाला निघून जातं. मधल्या सहा महिन्यांत तुम्ही व्हिडिओ बघताय की नाही, असाइनमेंट टाकलंत की नाही, मुळात जिवंत आहात की नाही, याची चौकशी करायला कोणी नसतं. हेल्पडेस्क असतो म्हणा. त्याला प्रश्न विचारला की तो तिकीट नंबर देतो. उत्तर वेगळं, तिकीट वेगळं.

अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांनी या मोकळ्या जागेत एक माणूस बसवला आहे. कुठे त्याला अकॅडेमिक कोच म्हणतात, कुठे सक्सेस कोच, कुठे मेंटॉर. हा शिकवत नाही, अभ्यासक्रम ठरवत नाही, पदवीच्या कागदावर त्याची सही नसते. तो फोन करतो. आणि हे काम वाटतं तितकं फालतू नाही.

त्याच्या पडद्यावर नावांची रांग असते. प्रत्येक नावापुढे शेवटचं लॉगिन कधीचं, कोणती चाचणी राहिली, कोणतं असाइनमेंट उशिरा आलं. सगळं सुरळीत तो हिरवा, कुरकुर सुरू झाली तो पिवळा, गायब तो लाल. समजा एक लाल नाव आहे. गोदामात रात्रपाळी करणारा, पस्तिशीचा, दोन पोरांचा बाप. कोच फोन लावतो.

"काय, कसं चाललंय?"

"ठीक चाललंय." (ऑनलाइन विद्यार्थ्यांचं हे राष्ट्रगीत आहे.)

"दहा दिवस दिसला नाहीत."

"कामावर जरा गडबड होती."

"बरं. शेवटचं काय उघडलं होतं?"

थोडा वेळ पलीकडून फक्त टीव्हीचा आवाज. "स्टॅटिस्टिक्स. तिसरा धडा."

"त्यात काही अडलं?"

"अडलं नाही. पहिल्या चाचणीत दहापैकी तीन आले. मग उघडलंच नाही."

घोडं इथे पेंड खात होतं. वेळ नव्हता वगैरे सगळं खरं, पण मूळ दुखणं ते तीन मार्क. आपल्याला हे जमणार नाही, आपण शिकायला बसलो हेच चुकलं, बायकोसमोर फुकटची शोभा झाली, असं त्या माणसाच्या मनात दहा दिवस घोळत होतं आणि ते बोलायला त्याच्याकडे कोणी नव्हतं. कोच त्याला स्टॅटिस्टिक्स शिकवत नाही. कदाचित त्याला स्वतःलाही ते येत नसेल. तो विचारतो, घरात शांतता कधी असते? पोरं साडेनऊला झोपतात, ड्युटी अकराची. मग उद्या पावणेदहा ते सव्वादहा, फक्त ते चुकलेले सात प्रश्न. शिकवणी देणाऱ्या केंद्राचा नंबर पाठवतो. गुरुवारी फोन करतो म्हणतो. आणि गुरुवारी खरंच करतो. सगळी करामत या शेवटच्या वाक्यात आहे.

याचा उपयोग किती, हे मोजूनही झालंय. स्टॅनफर्डच्या एरिक बेटिंगर आणि रेचल बेकर यांनी 2011 साली एक अभ्यास मांडला. विद्यापीठांना कोच पुरवणाऱ्या इनसाइडट्रॅक या कंपनीनं आपल्या कामाचा पुरावा देण्यासाठी चक्क चिठ्ठ्या टाकून काही विद्यार्थ्यांना कोच दिले होते आणि काहींना दिले नव्हते. एकूण 13,555 विद्यार्थी. सगळेच ऑनलाइन नव्हते, पण बरेचसे नोकरी-संसार सांभाळून शिकणारे, विशी ओलांडलेले. सहा महिन्यांनी कोच नसलेल्यांपैकी साधारण 58 टक्के टिकले होते, कोच असलेल्यांपैकी 63. फोन बंद झाल्यानंतरही हा फरक पुसला गेला नाही. खर्च विद्यार्थ्यामागे एका सत्राला सुमारे 500 डॉलर. पाच टक्के म्हणजे काय मोठंसं, असं म्हणणाऱ्यानं शंभर जणांचा वर्ग डोळ्यांसमोर आणावा आणि त्यातल्या कोणत्या पाच जणांना घरी पाठवायचं ते सांगावं. शिवाय नुसती आर्थिक मदत वाढवून विद्यार्थी टिकवण्यापेक्षा हे स्वस्त पडतं, असंही त्या दोघांनी हिशेब करून दाखवलं. त्या फोनवर अभ्यासाइतक्याच गप्पा पैसे, नोकरी, आजारी आई आणि वेळेची ओढाताण यांच्या असायच्या.

आता वाचकांपैकी किमान चार जण म्हणणार, "आमच्या वेळी कुठे होते हो कोच? आम्ही आमच्या जिवावर शिकलो."

होते की. तुम्ही त्यांना पगार देत नव्हता, म्हणून ते मोजणीत आले नाहीत. कॉलेजच्या ऑफिसातला तो शिपाई, ज्यानं जिन्यात गाठून विचारलं, "काय रे, परीक्षेचा फॉर्म भरलास का? उद्या शेवटची तारीख." लेट फीपासून त्यानं वाचवलेल्या पोरांची यादी केली तर एक पदवीदान समारंभ त्याच्या नावानं करावा लागेल. गेटसमोरचा झेरॉक्सवाला, ज्याला कोणत्या सरांच्या नोट्सवर पेपर निघतो हे सरांपेक्षा चांगलं ठाऊक होतं. दोन वर्षं एटीकेटी ओढणारा कॅन्टीनमधला सिनिअर, जो स्वतः पास झाला नाही पण 'चौथं युनिट सोडू नकोस' सांगून दरवर्षी दहा जणांना पास करत राहिला. हॉस्टेलातला रूममेट, जो पहाटे चारला दिवा लावायचा आणि त्याला शिव्या घालत घालत आपणही पुस्तक उघडायचो. लायब्ररीत समोरच्या टेबलावर बसणारी ती मुलगी, जिच्यामुळे लायब्ररीत तरी गेलो. आणि घरी आई, जी काही न बोलता चहा ठेवून जायची आणि जाताना पुस्तकाचं तेच पान उघडं आहे हे बरोबर टिपून जायची.

कॉलेज म्हणजे इमारत, असा आपला समज. वर्गात जे शिकवलं जातं त्याचा तर आता यूट्यूबवर महापूर आहे. पण जिन्यात, गेटवर, बस स्टॉपवर जी फुकट हाकाटी चालायची, ती ऑनलाइन शिक्षणानं इमारतीसोबत पाडून टाकली आणि ते कोणाच्या लक्षातही आलं नाही. ऑनलाइन विद्यार्थी आपल्या बेडरूममध्ये एकटा, समोर मोबाइल, आणि ज्या मोबाइलवर अर्थशास्त्राचं लेक्चर त्याच मोबाइलवर आयपीएल. कोण जिंकणार ते सांगायला संशोधन नको. अमेरिकेतला कोच हा त्या शिपायाचा, सिनिअरचा आणि आईचा एकत्रित पगारी बदली कामगार आहे.

आणि आपल्याकडे हे कोणाला समजत नाही असंही नाही. लातूरच्या क्लासवाल्यांना विचारा. पोरगं एक दिवस आलं नाही की संध्याकाळच्या आत बापाच्या मोबाइलवर मेसेज: आपला पाल्य आज गैरहजर. क्लासला जे कळतं ते विद्यापीठाला कळत नाही, याचं कारण सोपं आहे. क्लासचा धंदा निकालावर चालतो, ऑनलाइन पदवीचा प्रवेशावर.

नुसतं ज्ञान ओतलं की माणसं आपोआप शिकतात, हा भ्रम अमेरिकेनं आधी मोठ्या थाटात पाळून बघितला. 2011 साली स्टॅनफर्डमध्ये सेबॅस्टियन थ्रन यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेचा कोर्स इंटरनेटवर फुकट उघडला आणि दीड लाखाहून जास्त लोकांनी नावं घातली. पुढच्याच वर्षी कोर्सेरा आली, एडएक्स आली, थ्रन यांची युडॅसिटी आली, आणि 'न्यू यॉर्क टाइम्स'नं 2012 हे मूकचं वर्ष म्हणून जाहीर केलं. मूक म्हणजे असे हजारोंसाठी खुले ऑनलाइन कोर्स. आता विद्यापीठं बंद पडणार, पोराटोरांना घरबसल्या हार्वर्ड मिळणार! 2013 साली सॅन होजे स्टेट विद्यापीठानं युडॅसिटीसोबत खऱ्या विद्यार्थ्यांवर, खऱ्या क्रेडिटसाठी प्रयोग केला आणि पहिल्याच सत्राचे निकाल बघून जुलैमध्ये तो थांबवला. 2019 साली 'सायन्स' नियतकालिकात एमआयटीच्या दोन संशोधकांनी एडएक्सवरच्या हार्वर्ड-एमआयटी कोर्सेसची सहा वर्षांची आकडेवारी मांडली. नाव घातलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांनी कोर्सचं दार उघडलंच नव्हतं. 2017-18 मध्ये कोर्स पुरा करणारे होते 3.13 टक्के. प्राध्यापक जगातले एक नंबरचे, व्हिडिओ झकास, फी शून्य. फक्त "काय, कसं चाललंय?" विचारणारं कोणी नव्हतं.

तरीही या फोनवाल्या माणसाला किंमत द्यायची वेळ आली की सरकारी डोकं कसं चालतं, त्याची एक सुरस कथा आहे. वेस्टर्न गव्हर्नर्स युनिव्हर्सिटी नावाचं एक विद्यापीठ 1997 साली अमेरिकेतल्या 19 राज्यांच्या गव्हर्नरांनी मिळून काढलं. वर्ग नाहीत. सहा महिन्यांची ठरलेली फी भरा आणि तेवढ्यात जमतील तितके विषय उरका. प्रत्येक विद्यार्थ्याला एक मेंटॉर, शक्यतो प्रवेशापासून पदवीपर्यंत तोच. त्याचे नियमित फोन हाच या विद्यापीठाचा कणा. 2017 च्या सप्टेंबरात शिक्षण खात्याच्या महानिरीक्षक कार्यालयानं या विद्यापीठावर ठपका ठेवला आणि सरकारी मदतीचे 71 कोटी 30 लाख डॉलर परत घ्या अशी शिफारस केली. का? तर कायद्याप्रमाणे विद्यार्थ्याचा शिक्षकाशी नियमित आणि भरीव संवाद हवा. तो नसेल तर ते पत्रद्वारा शिक्षण, आणि पत्रद्वारा शिक्षणाला अशी मदत मर्यादेबाहेर मिळत नाही. पण हा मेंटॉर वारंवार बोलतो, त्याचं काय? तपासनीसांच्या मते तो विषय शिकवत नाही, म्हणून तो संवाद धरायचा नाही.

म्हणजे विद्यापीठात ज्या एका माणसाशी विद्यार्थी सगळ्यात जास्त बोलतो, तो हिशेबात कोणीच नाही. सत्तर वह्या एका रात्रीत तपासून 'गुड' लिहिणारा प्राध्यापक असता तर चाललं असतं. 2019 च्या जानेवारीत खात्यानं ती शिफारस गुंडाळून ठेवली आणि पैसे वाचले. नियमाच्या मुद्द्यावर तपासनीस अगदीच चूक होते असं मी म्हणणार नाही. उद्या कोणी शिक्षक काढून टाकून नुसते फोन करणारे ठेवले आणि त्याला विद्यापीठ म्हटलं, तर आपणच बोंब मारू.

आणि तसं करणारे महाभाग आहेतच. अमेरिकेतल्या काही ऑनलाइन कोर्सेसमध्ये एक प्राध्यापक आणि त्याच्या नावावर शेकडो विद्यार्थी असतात. मग कंत्राटावर कोच आणले जातात. हे कोच शंका सोडवतात, असाइनमेंट तपासतात, मार्क देतात. विद्यार्थ्याला वाटतं आपला निबंध प्राध्यापकांनी वाचला. प्राध्यापकांना वाटतं विद्यार्थ्यांना सगळं समजलं. दोघांच्या गैरसमजावर कोर्स सुखानं चालतो. अशा ठिकाणी कोच हा आधार राहत नाही, तो स्वस्तातला मास्तर होतो. आपल्याकडच्या तासिका तत्त्वावरच्या, सीएचबीवाल्या प्राध्यापकांना हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

त्याहून मोठी ग्यानबाची मेख पैशांत आहे. विद्यार्थी आणून देण्याबद्दल डोक्यामागे कमिशन द्यायचं नाही, असा अमेरिकेत 1992 पासून कायदा आहे. 2011 साली शिक्षण खात्यानं एका पत्रानं त्यात खिडकी ठेवली: कंपनी नुसती भरती करत नसेल, सोबत तंत्रज्ञान, मार्गदर्शन अशा इतर सेवांचं गाठोडं देत असेल, तर तिनं फीमधला वाटा घेतला तरी चालेल. मग काय, गाठोडी तयार झाली. ऑनलाइन पदव्या चालवून देणाऱ्या कंपन्या फीचा निम्मा, कधी त्याहून जास्त वाटा उचलू लागल्या. त्यातलीच एक टूयू. तिनं 2021 साली हार्वर्ड आणि एमआयटीकडून एडएक्स 80 कोटी डॉलरना विकत घेतलं आणि 2024 च्या जुलैमध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला.

या गाठोड्यात बसलेल्या कोचचे दोन मालक असतात. विद्यार्थ्याला वाटतं हा माझा माणूस. कंपनीला वाटतं हा आपला वसुली विभाग, कारण टिकलेला विद्यार्थी म्हणजे पुढच्या सत्राची फी. चांगला कोच कधी कधी सांगतो, "तुमच्या वडिलांचं ऑपरेशन आहे, हे सत्र सोडून द्या, जानेवारीत परत या." हे वाक्य उच्चारल्यावर ज्याचा इन्सेंटिव्ह कापला जातो, त्याला कोच म्हणायचं कारण नाही. त्याला मोठ्या मनानं सेल्समन म्हणावं आणि तेवढाच विश्वास ठेवावा.

मग यंत्रच ठेवा ना, ते तरी कमिशन मागणार नाही, असं कोणी म्हणेल. ठेवून झालंय. जॉर्जिया टेकमधले प्राध्यापक अशोक गोयल यांनी 2016 साली आपल्या ऑनलाइन वर्गातल्या तीनशे विद्यार्थ्यांच्या शंकांना उत्तरं द्यायला इतर सहायकांमध्ये 'जिल वॉटसन' नावाची एक सहायक घेतली. जिल हा प्रोग्राम होता. सत्र संपेपर्यंत बहुतेकांना पत्ता लागला नाही, आणि एकाला तर तिला उत्तम सहायक म्हणून पुरस्कार द्यावासा वाटत होता. जिल हुशार, तत्पर, न चिडणारी. पण ती प्रश्न विचारला की बोलायची. जो विचारायचाच थांबला, तो तिच्या लेखी अस्तित्वातच नव्हता. बुडणारा विद्यार्थी हात वर करून शंका विचारत नाही, तो गुपचूप लॉगिन करायचं बंद करतो.

त्याच वर्षी जॉर्जिया स्टेट विद्यापीठानं मात्र आधी स्वतः मेसेज करणारा चॅटबॉट आणला, पाउन्स नावाचा. प्रवेश नक्की होऊनही उन्हाळ्याच्या सुट्टीत गळणारी मुलं त्यानं सुमारे एक पंचमांशानं कमी केली. फॉर्म राहिलाय, कागद राहिलाय, कर्जाचा अर्ज राहिलाय, अशी त्याची टोचणी असायची. त्यामुळे यंत्रानं काहीच होत नाही असं म्हणणारे भाबडे. पण काही संशोधक उत्साहाच्या भरात अशीच टोचणी देशभर लावायला गेले, आठ लाखांवर विद्यार्थ्यांना आर्थिक मदतीच्या अर्जाचे मेसेज पाठवले, आणि परिणाम शून्य. आपल्या कॉलेजनं आपल्या नावानं विचारलेलं आणि कुठल्या तरी संस्थेनं सगळ्यांना एकगठ्ठा पाठवलेलं, यातला फरक माणसाला बरोबर कळतो. आपल्या व्हॉट्सॲपवर रोज येणाऱ्या सुप्रभातांना आपण किती उत्तरं देतो, तेवढाच तो परिणाम.

आपल्या मातीत ही कल्पना नवी आहे असं मानायचं कारण नाही. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची स्थापना 1989 ची. राम ताकवले हे पहिले कुलगुरू, 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीद. नुसती पुस्तकं पोस्टानं पाठवून भागणार नाही हे या मंडळींना तेव्हाच कळलं होतं, म्हणून तालुक्यातालुक्यात अभ्यासकेंद्रं आणि प्रत्येक केंद्रावर समंत्रक. बारावी न झालेल्या गृहिणी, एसटीचे कंडक्टर, हवालदार, सुट्टीवर आलेले जवान, असे विद्यार्थी. त्यांच्यासाठी सुटीच्या दिवशी भरणारी सत्रं. तालुक्याच्या कॉलेजातला एखादा सर मानधनाच्या चार पैशांकडे न बघता डायरीत सगळ्या बॅचचे नंबर लिहून ठेवायचा आणि एसटी डेपोत भेटला तरी कंडक्टरला विचारायचा, "गृहपाठ कधी देताय, शिंदे?" असे समंत्रक होते, आहेत. आणि नुसत्या हजेरीपटावर सह्या घेऊन सत्र उरकणारी केंद्रंही आहेत. तिथे विद्यार्थी आधार शोधत झेरॉक्सच्या दुकानात जातो, जिथे सोडवलेले गृहपाठ पानाच्या दरानं मिळतात. आधार देणारं कोणी नसलं की तयार उत्तर देणारा उभा राहतोच.

तेव्हा वाटेत अडचणी होत्या: रस्ते, पोस्ट, पैसे. आता फोन खिशात आहे, कोणी किती सेकंद व्हिडिओ पाहिला हे सर्व्हरला माहीत आहे. आणि नियम काय म्हणतो? मुक्त, दूरस्थ आणि ऑनलाइन शिक्षणासाठी यूजीसीचे 2020 चे विनियम आहेत. त्यात ऑनलाइन अभ्यासक्रमासाठी कोर्स मेंटॉर नेमायला सांगितलं आहे, 250 विद्यार्थ्यांच्या तुकडीमागे एक. छान. आता या एका मेंटॉरनं प्रत्येकाला आठवड्यातून फक्त दहा मिनिटं द्यायची ठरवली, तर होतात 41 तास 40 मिनिटं. म्हणजे सोमवारी सकाळी फोन उचलायचा आणि शनिवारीच ठेवायचा. चहा नाही, मेल नाही, विषयातल्या शंका तर नाहीतच. यावर उपाय म्हणून तो फोनच करत नाही.

2022 च्या सप्टेंबरात यूजीसीनं स्पष्ट केलं की मान्यताप्राप्त संस्थांच्या दूरस्थ आणि ऑनलाइन पदव्या नेहमीच्या पदव्यांशी समकक्ष धराव्यात. उत्तम झालं. रात्रपाळीच्या नर्सनं कमावलेली पदवी कोणी खालच्या दर्जाची का मानावी? त्याच वर्षी जानेवारीत एडटेक कंपन्यांना विद्यापीठाची फ्रँचायझी घेऊन पदव्या विकता येणार नाहीत, असाही इशारा देऊन झाला होता. कागद सगळे जागच्या जागी आहेत. पदवी समकक्ष झाली, विद्यार्थ्याला मिळणारी सोबत मात्र होती तिथेच आहे. आठ हजारांच्या मिक्सरचं सर्व्हिस सेंटर कुठे आहे हे आपण दुकानदाराला तीनदा विचारतो. दीड लाखाच्या पदवीबाबत विचारत नाही.

"पण ही मोठी माणसं आहेत, त्यांना काय बोट धरून चालवायचं?" हा आक्षेप नेहमी खुर्चीतल्या माणसाचा असतो. त्याच्या स्वतःच्या दिमतीला बैठकीची आठवण करून देणारा पीए असतो, जिममध्ये ट्रेनर असतो, शुगरची गोळी हातावर ठेवणारी बायको असते. मोठ्या माणसालाच सोबत जास्त लागते, कारण त्याच्या अभ्यासासाठी घरात कोणी टीव्हीचा आवाज कमी करत नाही. न्यू यॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीनं आपल्या कम्युनिटी कॉलेजांमध्ये 2007 साली असाप नावाची योजना आणली. ती ऑनलाइन नव्हे, पण तत्त्व तेच. सल्लागाराला ठरावीक वेळा भेटायचंच, आणि भेटलात, वर्गाला बसलात तरच महिन्याचा मेट्रोचा पास. सल्लागाराकडे विद्यार्थीही मोजके. तीन वर्षांत पदवी मिळवणाऱ्यांचं प्रमाण 22 टक्क्यांवरून 40 वर गेलं. बोट धरल्यानं ही माणसं पांगळी झाली नाहीत, पदवीधर झाली.

यूजीसीला यात फार काही शोधून काढायचं नाही. अडीचशेचा आकडा खाली आणावा, आणि प्रत्येक ऑनलाइन अभ्यासक्रमाच्या जाहिरातीत फीच्या शेजारी, फीइतक्याच मोठ्या अक्षरात दोन आकडे छापायला लावावेत: कितीजणांनी प्रवेश घेतला आणि त्यातल्या कितीजणांना पदवी मिळाली. सिनेनटाचा फोटो त्यानंतर उरलेल्या जागेत टाकावा.

हे होईल तेव्हा होईल. तोवर पैसे भरणाऱ्यांनी एवढं करावं. प्रवेश घेण्याआधी विचारावं की माझा मेंटॉर कोण, त्याच्याकडे माझ्यासारखे किती, तो विद्यापीठाचा नोकर आहे की कंत्राटी कंपनीचा, आणि मी दहा दिवस लॉगिन केलं नाही तर मला कोण फोन करणार. उत्तर तोंडी घेऊ नका. मेलवर मागा, विद्यापीठाच्या पत्त्यावरून.